आधी ॲस्कॉर्बिक ॲसिड टाक

तुझी मेल वाचली. डोपामाइन मोजायच्या तुझ्या इलेक्ट्रोडवर ग्राफीनचा लेप झाला, सोन्याचे नॅनोकण झाले, आता गाइड मॉलिब्डेनम डायसल्फाइड घ्यायला सांगतायत आणि तू विचारतेस, घेऊ का? अगं, तू पाठवलेले सगळे व्होल्टॅमोग्राम (व्होल्टेज बदलताना करंट दाखवणारे आलेख) फॉस्फेट बफरमधले, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या साध्या द्रावणातले आहेत. बफर आणि डोपामाइन, तिसरं कुणी नाही. मेंदूत डोपामाइनला असा एकांत कुठे मिळतो?

तिथे पेशींबाहेरच्या द्रवात डोपामाइन असतं नॅनोमोलरमध्ये, आणि ॲस्कॉर्बेट, म्हणजे शरीरातलं ॲस्कॉर्बिक ॲसिड (व्हिटॅमिन सी), शेकडो मायक्रोमोलर, हजारो पटींनी जास्त. साध्या कार्बनवर दोघांचं ऑक्सिडेशनही जवळपास एकाच व्होल्टेजला होतं. 1973 मध्ये कॅन्ससच्या राल्फ ॲडम्स यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूत कार्बनचे इलेक्ट्रोड बसवले. पुढे कळलं की तो सिग्नल बराचसा ॲस्कॉर्बेटचाच होता. हे क्षेत्र ज्यांनी उभं केलं त्यांची ही गत, मग तुझी-माझी काय कथा!

म्हणून आधी ॲस्कॉर्बिक ॲसिड टाक. पहिल्या दिवसापासून. शेवटच्या आलेखात, पेपर तपासणाऱ्या रेफरीचं तोंड बंद करायला चिमूटभर, तसं नव्हे. काही न लावलेल्या, नुसत्या ग्लासी कार्बनच्या इलेक्ट्रोडवरही तेच करून बघ. 7.4 पीएचला डोपामाइनवर धन भार, ॲस्कॉर्बेटवर ऋण. नाफिऑन या ऋण भाराच्या पॉलिमरचा पातळ थर एकाला ओढतो, दुसऱ्याला लोटतो. तुझं मटेरियल याहून जास्त काय करतं? आलेखातला डोपामाइनचा पीक (शिखर) वाढला म्हणून हुरळू नकोस. ऑक्सिडेशनने डोपामाइनचं क्विनोन होतं, त्याचं ॲस्कॉर्बेट परत डोपामाइन करतं, तेच रेणू पुन्हा इलेक्ट्रोडवर येतात आणि करंट फुगतो.

आणि नवं काही घातलं की आकडा सुधारतो, यात विशेष ते काय? प्रागचे रसायनशास्त्रज्ञ मार्टिन पुमेरा यांच्या गटाने 2020 मध्ये ग्राफीनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा घातली, तरी उत्प्रेरण (अभिक्रियेला वेग देणं) सुधारलं. (तो पेपर मी विभागाच्या फलकावर लावला होता. दुसऱ्या दिवशी गायब.)

माझे पेपर कमी आहेत, हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल. ॲस्कॉर्बेटसमोर ज्या इलेक्ट्रोडने मान टाकली, तो मी छापला नाही. बढती रखडली. एक फार हुशार विद्यार्थी कंटाळून दुसऱ्या लॅबमध्ये गेला, ते अजून लागतं. पण मग काय करायला हवं होतं मी? बफरमधल्या डिटेक्शन लिमिटवर (किती कमी डोपामाइन ओळखता येतं, त्या आकड्यावर) त्याला डॉक्टर करायचं? नाही. आजही नाही.

तेव्हा मॉलिब्डेनम राहू दे. आहे तोच इलेक्ट्रोड ॲस्कॉर्बिक ॲसिडमध्ये घाल, मग रक्ताच्या सीरममध्ये ठेव आणि प्रथिनं चिकटल्यावर किती सिग्नल उरतो ते मला कळव. आणि हो, ॲस्कॉर्बिकचं द्रावण रोज ताजं कर. बफरमध्ये ते हवेने ऑक्सिडाइज होतं. कालच्या बाटलीतून आलेला सुंदर निकाल मी धरणार नाही.