विनोदी नाटकाची ऑडिशन पहिल्यांदाच देतेय, तयारी काय करू?

तुम्ही लिहिलंय की वय ४१, नाशिकरोडला शाळेत शिकवता, कॉलेजातली एक एकांकिका सोडली तर तोंडाला रंग लागलेला नाही, आणि पुढच्या रविवारी एका हौशी संस्थेच्या विनोदी नाटकाची ऑडिशन आहे. मैत्रिणी म्हणतात तू फार विनोदी आहेस. तयारी काय करायची आणि समोरचे हसलेच नाहीत तर काय, असे तुमचे दोन प्रश्न.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. हसणार नाहीत. टेबलामागे दिग्दर्शक असतो, नवं नाटक असेल तर लेखक, आणि वहीत नाव-नंबर उतरवून घेणारा एक जण. एकच पान ते सकाळपासून ऐकत असतात. गेल्या वर्षी मी त्या वहीवाल्याच्या खुर्चीत होतो. दहाव्या माणसानंतर आम्हाला त्या पानात विनोद कुठे होता तेच आठवेना. त्यामुळे समोरची तोंडं सुतकी दिसली तर ती तुमच्यामुळे नाहीत. तिसरा चहा अजून आलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

माझी ओळख म्हणाल तर मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे आणि वीसेक वर्षं हौशी नाटकात लुडबुड करतोय. बहुतेक शेजारी, इन्स्पेक्टर, पोस्टमन आणि एकदा प्रेत. हिरो कधीच नाही. पण ऑडिशनच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय, म्हणून लिहायचं धाडस करतो.

माझी पहिली ऑडिशन सिडकोतल्या एका शाळेच्या वर्गात झाली. चौथीच्या मुलांचे बाक होते, गुडघे हनुवटीला लागत होते. भूमिका हॉटेलातल्या वेटरची. पान सरळ प्रमाण भाषेत होतं, पण मला वाटलं थोडी गंमत आणावी, म्हणून मी ते खानदेशी हेल काढून वाचलं. मला अहिराणी येत नाही. कंपनीत ऐकलेले दोन-चार शब्द आणि बाकी नुसता हेल. वाचून झाल्यावर दिग्दर्शकांनी अगदी प्रेमाने मला काहीतरी विचारलं, ते मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग कळलं की ते अहिराणीत माझं गाव विचारत होते. स्वतः धुळ्याकडचे होते. मी म्हणालो, ‘मखमलाबाद.’ म्हणजे नाशिकला लागूनच. त्या दिवशी वर्गात पहिला खराखुरा हशा तेव्हा पिकला आणि तो माझ्या अभिनयाला नव्हता.

त्यांनी नंतर मला तेच पान पुन्हा वाचायला लावलं. म्हणाले, आता असं समजा की डबल शिफ्ट झालीय, पाय दुखताहेत आणि हे गिऱ्हाईक उठत नाहीये. मी वाचलं. बरं झालं असणार, कारण कुणी काही बोललं नाही. भूमिका मिळाली नाही ती नाहीच, पण तेव्हा डोक्यात बसलं की नाटक विनोदी आहे हे लेखकाला माहीत असतं, प्रेक्षकाला माहीत असतं, फक्त पात्राला माहीत नसतं. त्याचे पाय खरंच दुखत असतात.

हे ऐकायला सोपं वाटतं, म्हणून गेल्या वर्षीच्या आमच्या ऑडिशनमधलं पानच सांगतो. प्रसंग असा. नवऱ्याने काका वारले अशी थाप मारून ऑफिसातून चार दिवसांची रजा काढलीय. साहेब भला माणूस, तो सांत्वनाला घरी येतो. नवरा घरात नाही. बायकोला थापेचा पत्ता नाही. काका धडधाकट, रविवार कारंज्यावर भाजी आणायला गेलेत.

साहेब : काका कधी गेले?
बायको : सकाळीच गेले. येतील आता इतक्यात.
साहेब : येतील?
बायको : न येऊन जातात कुठे? जेवायला घरीच असतात.

बायकोच्या भूमिकेसाठी वीस-बावीस जणी आल्या होत्या. बहुतेकींनी ‘येतील’वर असा काही जोर दिला की जणू प्रेक्षकांना कोपर मारून सांगताहेत, हं, हसा आता. एकीने ‘गेले’ म्हणताना डोळे मिचकावले. एकीला स्वतःलाच हसू आवरेना. आता विचार करा, त्या बाईच्या दृष्टीने यात विनोद कुठाय? पाहुणा विचारतोय, ती सांगतेय. ‘गेले’चा दुसरा अर्थ तिच्या मनाला शिवलेलासुद्धा नाही. शिवला तर विनोद मेला.

मग पतसंस्थेत कॅशियर असलेल्या एक बाई आल्या. त्यांनी ते वाक्य अगदी सपाट म्हटलं. आम्ही तिघांनी मान वर केली. ‘साहेब जेवायला गेलेत, येतील इतक्यात,’ हे त्या काउंटरवर रोज दहा वेळा म्हणत असणार, तोच सूर. आणि पुढे गंमत अशी झाली की साहेब वाचणारा आमचा कलाकार ‘येतील?’ म्हणायच्या आधी क्षणभर थांबला. त्या थांबण्यात बायकोने काय करायचं हे पानावर काहीच लिहिलेलं नव्हतं. बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि टेबलावरचा आमचा पाण्याचा ग्लास हळूच त्याच्याकडे सरकवला. पाहुण्याला उन्हाचा त्रास होतोय असं त्यांना वाटलं असावं. लेखक, ज्याने ते पान लिहिलं आणि सकाळपासून ऐकलं, तो खुर्चीत मागे रेलून हसला. अख्ख्या दिवसात तेवढा एकदाच.

तर तुमची वाक्यं तुम्ही कशी म्हणता यापेक्षा दुसरा बोलत असताना तुम्ही काय करता, हे टेबलामागून जास्त दिसतं. बहुतेक लोक आपलं वाक्य संपलं की नजर कागदात खुपसतात आणि पुढचं वाक्य शोधतात. तुम्ही तो कागद छातीच्या उंचीवर धरा, अंगठा ओळीवर ठेवा आणि समोरच्याचं बोलणं ऐकताना त्याच्याकडे बघा. पुढचं वाक्य सापडायला एक सेकंद लागला तर लागू दे. पाठांतराची परीक्षा त्या दिवशी नसते.

आता तुम्ही शिक्षिका आहात म्हणून एक खास सूचना, राग मानू नका. आवाज तुमचा खणखणीत असणार, शेवटच्या बाकापर्यंत पोचणार, ते सोनंच आहे. पण शिक्षक मंडळी वाचताना समजावून सांगतात. प्रत्येक शब्द सुटा, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबा, जणू शुद्धलेखन घालताहेत. विनोदात प्रेक्षकाला समजावून सांगितलं की तो रुसतो, त्याला स्वतः पकडायचं असतं. यावर उपाय म्हणजे या आठवड्यात रोज पंधरा मिनिटं घरच्या कुणाला तरी समोर बसवून मोठ्याने संवाद वाचायचे. नाटकाचं पुस्तक हाताशी नसेल तर सार्वजनिक वाचनालयातून आणा. १८४० पासूनचं वाचनालय आहे, नाटकांना तोटा नाही. वसंत कानेटकरांची विनोदी नाटकं मागा. ते इथेच नाशिकच्या कॉलेजात शिकवत होते, म्हणजे तुमच्याच पेशातले. आणि वाचताना भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. हात कामात असले की जीभ आपोआप समजावणं सोडते.

दुसरी मराठी सवय म्हणजे वाक्याचा शेवट गिळणं. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि तिथपर्यंत श्वास संपलेला असतो. रोजच्या बोलण्यात चालतं. पण विनोदी लेखक मुद्दाम शब्द मागे-पुढे करून हशाचा शब्द अगदी टोकाला नेऊन ठेवतो. वरच्या पानात ‘जेवायला घरीच असतात’ मधलं ‘असतात’ ऐकू आलं नाही तर काका वर्तमानकाळात जिवंत आहेत हे साहेबाला कळणार कसं? जोर द्यायचा नाही, पण ऐकू यायला हवं. हे घरी मोबाइलवर रेकॉर्ड करून तपासता येतं. स्वतःचा आवाज ऐकून पहिल्या दिवशी लाज वाटेल, दुसऱ्या दिवशी चुका दिसतील.

पदरचं वाक्य घालू नका. मैत्रिणींमध्ये विनोदी असणाऱ्यांना हा मोह फार होतो. ऑडिशनला लेखक बसलेला असेल तर त्याचा चेहरा लगेच बदलतो. शिवाय महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते आणि प्रयोग मंजूर संहितेप्रमाणेच व्हावा अशी अपेक्षा असते. हातखंडा नट ऐनवेळी पदरचं घालतात आणि टाळ्या घेतात, ते वेगळं. पहिल्या दिवशी नको.

कपडे नेहमीचे. वाकता, बसता येईल असे. विनोदी भूमिका म्हणून झगमगीत काही घालून येणारे असतात. त्यांना कुणी हाकलत नाही, पण वहीत नावापुढे काहीतरी लिहिलं जातं.

ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण निम्म्या निवडी ज्यावर ठरतात, ती गोष्ट म्हणजे वेळ. हौशी नाटकात कुणाला पैसे मिळत नाहीत, तालमी संध्याकाळी साडेसात-आठला सुरू होतात आणि साधारण दीड महिना चालतात. शेवटच्या आठवड्यात रंगीत तालमीला मध्यरात्र होते. तुम्हाला हमखास विचारतील, रोज जमेल का? इथे ‘बघते, जमवते’ म्हणू नका. नाशिकरोडहून गावात यायचं म्हणजे संध्याकाळी द्वारका चौकातल्या गर्दीत अडकणं आलं, हे आम्हालाही ठाऊक आहे. सरळ सांगा की पावणेआठच्या आधी पोचत नाही, सहामाही परीक्षेच्या आठवड्यात दोन दिवस येणार नाही, बाकी दिवस नक्की. तेवढं स्पष्ट बोलणारा माणूस आम्हाला हिऱ्यासारखा वाटतो. गुणी नट तिसऱ्या आठवड्यात गायब झाल्याचं दुःख प्रत्येक संस्थेने भोगलेलं आहे. त्यात हे नाटक राज्य नाट्य स्पर्धेत उतरणार असेल तर तारीख सरकार देतं, ती आपल्यासाठी हलत नाही. तिकडे गंभीर नाटकांचं पीक जास्त, म्हणून एखादी संस्था विनोदी करतेय हे ऐकूनच मला बरं वाटलं.

घाबरून काही भयंकर घडेल, असंही तुम्ही लिहिलंय. मॅडम, नाशिकच्या नाटकात सगळ्यात भयंकर जे घडायचं ते २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात घडून गेलं. कलेक्टर जॅक्सन ‘शारदा’ बघायला आला आणि अनंत कान्हेरेंनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्या मानाने एखादं वाक्य चुकणं म्हणजे काहीच नाही. चुकलात तर माफी मागत बसू नका, ‘पुन्हा घेते’ म्हणा आणि घ्या.

रविवारी अर्धा तास आधी पोचा. बहुतेक ठिकाणी पान तिथेच हातात देतात. आपली वाक्यं अधोरेखित करायच्या आधी समोरच्याची वाक्यं दोनदा वाचा. शेजारी जो बसला असेल त्याला म्हणा, एकदा माझ्याबरोबर वाचता का? नाही कुणी म्हणत नाही, तोही घाबरलेलाच असतो.

निकाल चार-पाच दिवसांनी फोनवर कळवतात. भूमिका नाही मिळाली तर कधीकधी विचारतात, प्रॉम्प्टिंगला याल का? अपमान वाटेल, पण हो म्हणा. त्या वेटरच्या ऑडिशननंतर मलाही हेच विचारलं होतं. महिनाभर विंगेत स्टुलावर बसून सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ झाली. पाचव्या आठवड्यात शेजाऱ्याचं काम करणाऱ्याची पुण्याला बदली झाली. दिग्दर्शकांनी इकडेतिकडे पाहिलं, मग स्टुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘मखमलाबाद, या इकडे.’