वाचकांचे प्रश्न : फियाट घाटात रुसते तेव्हा

प्रश्न : वडिलांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, अजून घरात आहे. आम्ही लहान असताना मे महिन्यात महाबळेश्वरला जाताना ती खंबाटकीच्या चढावर हमखास बंद पडायची. बाबा बॉनेट उघडून गाडीच्या आतल्या पेट्रोल पंपावर ओला फडका गुंडाळायचे, आम्ही कठड्यावर बसून शेंगा खायचो. गाडीचा स्वभाव आजही तोच आहे. त्या फडक्याने खरंच काही होतं का? (सदाशिव पेठ)

उत्तर : होतं. पद्मिनीचा टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप यांत्रिक, इंजिनाच्या अंगालाच बोल्टने बसवलेला. चढावर दुसऱ्या गियरमध्ये इंजिन तापतं, वेग कमी म्हणून वारा लागत नाही, आणि पंपातलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. मग पंपाचा पडदा नुसती वाफच दाबत बसतो आणि कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) कोरडा पडतो. याला म्हणतात वेपर लॉक. एथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आणखी लवकर वाफाळतं, त्यामुळे गाडी आज जास्त रुसली तरी नवल नाही.

मात्र एक गंमत लक्षात ठेवा. ठिणगी तयार करणारे इग्निशन कॉइल आणि कंडेन्सरही तापल्यावर अगदी असाच दगा देतात. वीस मिनिटं शेंगा खाल्ल्या की तेही थंड होतात, गाडी सुरू होते आणि श्रेय फडक्याला जातं! म्हणून आधी ठिणगी बघा. डिकीत एक जादा स्पार्क प्लग ठेवा. एका प्लगची वायर काढून या प्लगला लावा, प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेवा (कार्बोरेटरपासून लांब, वायरला हात न लावता) आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, कडक ठिणगी पडली तर दोष पेट्रोलचा, मग फडका. पिवळट, मरतुकडी ठिणगी पडली किंवा पडलीच नाही, तर पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), कंडेन्सर, कॉइल या क्रमाने बघा. पॉइंटमधलं अंतर साधारण ०.४ मिमी, प्लगचं ०.६ मिमी.

फडका फक्त पंपावर आणि नळीवर. तापलेल्या इंजिनावर बादली ओतू नका, लोखंडाला तडा जातो. रेडिएटरचं झाकणही तेव्हा उघडायचं नाही.

कायमच्या उपायात पहिलं काम पंप आणि इंजिन यांच्यामधल्या जाड बेकेलाइटच्या तुकड्याचं. इंजिनाची उष्णता अडवायला तो असतो. पंप उतरवला की मेकॅनिक कधीकधी तो टाकून देतात आणि नुसता कागदी गॅस्केट लावतात. तो तुकडा आहे का, ते आधी तपासा. मग पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या तापत्या नळापासून) दूर घ्या आणि रेडिएटरमधला क्षार साफ करून घ्या. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर सेंटिमीटरभर दबला पाहिजे.

प्रश्न : धक्का मारताना आजोबा नेहमी ‘दुसरा टाक’ म्हणायचे. पहिला का नाही? (कोथरूड)

उत्तर : पहिल्यात इंजिन चाकांना फार अडवतं. क्लच सोडताच गाडी गचका खाऊन थांबते, ओल्या रस्त्यावर चाकं नुसती घसटतात. किल्ली चालू, क्लच दाबलेला, दुसरा गियर. ढकलणारे पळायला लागले की क्लच झटकन सोडा आणि इंजिन पकडताच पुन्हा दाबा. बॅटरी अगदीच मेली असेल तर उपयोग नाही, कारण ठिणगीला थोडा तरी करंट लागतो. आणि डिकीच्या पत्र्यावर हात देऊ नका, पोचा येतो. बाजूच्या खांबांना रेटा.

प्रश्न : गाडी वर्षातून दोनदाच निघते. दर रविवारी पाच मिनिटं नुसती चालू करून ठेवली तर चालेल? (सहकारनगर)

उत्तर : त्याने नुकसानच. सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि गंज चढतो; बॅटरीही भरत नाही. पंधरा दिवसांतून दहा-बारा किलोमीटर फिरवा, नाहीतर बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवा. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या एथेनॉलने मऊ पडून चिरतात, म्हणून एथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि पंपाचा तसाच पडदा घाला. नाना पेठेत स्पेअर पार्टवाल्याला असंच सांगून मागा, नुसतं ‘फियाटचा पाइप द्या’ म्हणू नका. नव्या क्लिपाही घ्या; जुन्या आवळताना तुटतात.