वाटी, कप आणि शिजलेले छोले

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. इंग्लंडमधल्या नणंदेने छोल्यांची कृती पाठवली आहे, त्यात ‘480 ग्रॅम शिजलेले छोले’ असं लिहिलंय. घरात वजनकाटा नाही. कप 240 चा असतो, म्हणून दोन कप घेतले, तर सगळा रस्साच झाला. चुकलं कुठे?

उत्तर : चूक त्या 240 मध्ये आहे. अमेरिकन कप साधारण 240 मिलिलीटरचा असतो, ग्रॅमचा नाही. मिलिलीटर आणि ग्रॅमचा आकडा एकच येतो तो पाण्याच्या बाबतीत. छोले कपात भरले की दाण्यांमध्ये फटी राहतात, त्यामुळे कपभर शिजलेल्या, निथळलेल्या छोल्यांचं वजन भरतं जेमतेम 165 ग्रॅम. तुम्हाला हवे होते जवळजवळ तीन कप, तुम्ही घातले दोन. नणंदबाईंचा काही दोष नाही!

प्रत्येक दाणा कपात सारखाच दाटून बसत नाही. म्हणून कपभर शिजलेली चवळी 170 ग्रॅमच्या आसपास, राजमा 175, पण अख्खा मसूर किंवा हिरवे मूग 200 ग्रॅमपर्यंत जातात. हे आकडे सपाट कपाचे, शिगेच्या कपाचे नव्हेत. दाणे चमच्याने दाबूही नका. शिजवलेल्या तुरीच्या डाळीला मात्र यातलं काहीच लावू नका. वरणात पाणी किती हे ज्याच्या त्याच्या घरावर; तिथे कोरडी डाळच मोजावी.

तुमच्याकडे माहेरची स्टीलची वाटी असेलच. ती किती मिलिलीटरची, हे बहुतेकींना ठाऊक नसतं. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घ्या आणि तिच्यातून किती वाट्या भरतात ते मोजा. सव्वातीन भरल्या तर वाटी साधारण 150 मिलिलीटरची. अशा वाटीत शिजलेले छोले 105 ग्रॅम मावतात. म्हणजे तुमच्या 480 ग्रॅमना साडेचार वाट्या. एकदा मोजून वाटीच्या बुडाशी मार्करने आकडा लिहून ठेवा.

माझं मत विचाराल तर वजनकाटा घ्याच, पण वाटीला कमी लेखू नका. आपल्या आज्या-पणज्यांची पायली, शेर, मापटं, चिपटं ही सगळी आकारमानाचीच मापं होती, आणि गावजेवणं त्यावरच उठली. गोंधळ होतो तो एकाची कृती दुसऱ्याच्या भांड्याने मोजली की. ऑस्ट्रेलियातला कप 250 मिलिलीटरचा, जपानमधला 200 चा, आणि राइस कुकरसोबत येणारा छोटा कप 180 चा. त्या शेवटच्यापासून फार सावध राहा, तो घरात कपांच्याच खणात जाऊन बसतो.

डब्यातले छोले वापरत असाल तर काम सोपं. इंग्लंडमधला 400 ग्रॅमचा डबा निथळला की 240 ग्रॅमच्या आसपास दाणे निघतात, अमेरिकेतल्या 425 ग्रॅमच्या डब्यातून सुमारे 250. फरक उसळीला कळतसुद्धा नाही. तुमच्या कृतीला दोन डबे लागतील. (त्या बाई 480 लिहितात, ते बहुधा दोन डब्यांचंच गणित असणार.)

कोरड्यापासून सुरुवात करायची तर 100 ग्रॅम काबुली चणे भिजून शिजले की 240 ग्रॅमच्या घरात जातात. म्हणजे 200 ग्रॅम, एक सपाट कप कोरडे चणे, तुम्हाला पुरेत. मटकी मात्र मोड यायच्या आधीच मोजा. मोड आल्यावर ती फुलून बसते आणि वाटी भरली तरी हाती फार काही लागत नाही.

रविवारी अर्धा किलो चणे एकदम शिजवले तर साधारण 1200 ग्रॅम होतात. निथळून पाच पिशव्यांत भरा, वर ‘240 ग्रॅम, दीड कप’ असं लिहा आणि फ्रीजरमध्ये आडव्या ठेवा. उभ्या ठेवल्या तर दाण्यांचा गोळा होतो आणि मग तो सिंकमध्ये आपटून फोडावा लागतो.