दयामरणानंतरची अस्वस्थता

प्रश्न : मी सात वर्षे पशुवैद्यक म्हणून काम करते. गेल्या महिन्यात, मालकाला उपचारांचा खर्च झेपणार नव्हता म्हणून, बऱ्या होऊ शकणाऱ्या कुत्र्याला दयामरण द्यावे लागले. तेव्हापासून झोप लागत नाही. मी या पेशासाठी कच्ची आहे का?

उत्तर : नाही. जो उपचार आपल्याला येतो तोच पैशाअभावी करता न येणे, आणि वर मालकाचा रागही आपणच झेलणे, यातून येणाऱ्या अस्वस्थतेला नैतिक क्लेश म्हणतात. तो कर्तव्यबुद्धी जागी असणाऱ्यालाच होतो. अमेरिकेतील १९७९ ते २०१५ या काळातील मृत्युनोंदींच्या अभ्यासात, एकूण मृत्यूंमधील आत्महत्यांचा वाटा सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत पुरुष पशुवैद्यकांत २.१ पट, तर स्त्रियांत ३.५ पट आढळला. म्हणजे प्रश्न एकट्या आपल्या मनाचा नाही. (सुट्टी घ्या, हा सल्ला सर्रास दिला जातो, मला तो अपुरा वाटतो.) अशा प्रसंगानंतर सहकाऱ्याशी त्याच दिवशी बोलावे आणि दयामरणाची कामे एकाच व्यक्तीवर पडू देऊ नयेत. झोपेची तक्रार दोन आठवड्यांहून अधिक टिकली असल्याने मानसोपचारतज्ज्ञांना आताच भेटावे. जीव नकोसा वाटू लागल्यास मात्र त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगून तातडीची मदत घ्यावी.