घानाला चर्चच्या गायकांना शिकवायला निघालात ना, मग हे ऐका

स्टाफ नोटेशनची, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहिलेली पुस्तकं भरलीत, त्यातली निम्मी बाहेर काढा. तिथले चर्चचे गायक बहुतेक सोल्फा वाचतात, म्हणजे डो-रे-मीसाठी ड-र-म अशी नुसती अक्षरं! चार आवाजांतली रचना कागदावरून सरळ गातात. पहिल्या आठवड्यात शिकवणी आमचीच झाली. कीबोर्ड सेलवर चालणारा घ्या. वीज जाते, त्याला तिकडे 'डुमसोर' म्हणतात, म्हणजे बंद-चालू. डिसेंबरच्या सुमारास हरमॅटनची, म्हणजे सहाराकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याची धूळ सुटते, कीबोर्डच्या पट्ट्यांवर कापड हवंच. आणि ताई, डाव्या हाताने वही देऊ नका, खूणही करू नका, तिकडे तो अपमान मानतात. मी एकदा डाव्या हाताने अल्टोच्या, म्हणजे खालच्या सुरात गाणाऱ्या बायकांना इशारा केला, सगळ्या गप्प! सराव रात्रीपर्यंत लांबतो. पोळ्या कोण लाटणार, यावरून आमचं रोज वाजायचं. ते निघण्याआधीच ठरवा.