रॉ फाइल खराब दिसली, तर आधी काय तपासाल

रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरचा प्रक्रिया न केलेला मूळ डेटा. ती खराब दिसली तर सर्वात आधी आपोआप चालणारा बॅकअप थांबवा. नाहीतर खराब फाइल जुन्या चांगल्या प्रतीवर चढेल आणि मग खरंच काही उरणार नाही. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड अजून फॉरमॅट केलं नसेल तर त्यावर एकही नवा फोटो काढू नका.

छोटं चित्र नीट दिसतं, पण उघडल्यावर गुलाबी-जांभळे पट्टे येतात, याने गोंधळू नका. ते छोटं चित्र म्हणजे रॉ फाइलमध्येच ठेवलेलं जेपेग असतं. बिघाड सेन्सरच्या मूळ डेटात आहे. एक्झिफटूल या प्रोग्रामने ते जेपेग वेगळं काढून ठेवा. बऱ्याच कॅमेऱ्यांत ते पूर्ण आकाराचं असतं, छपाईलाही चालतं.

आता खरी परीक्षा. त्याच फाइलचा चेकसम (फाइलच्या डेटावरून काढलेला आकडा, डेटा बदलला की तोही बदलतो) काढा, संगणक बंद करून सुरू करा, पुन्हा काढा. दोन्ही वेळा वेगळा आला तर फाइलवर संशय घेऊ नका: रॅम, केबल किंवा हब तपासा. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम रात्रभर चालू द्या. चेकसम तोच आला, तर बिघाड डिस्कवरच्या प्रतीत आहे. जुना बॅकअप शोधा. फाइलचा आकार शेजारच्या फाइलींपेक्षा खूप कमी असेल तर कॉपी अर्धवट राहिली असणार. अशा वेळी कार्डाची डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण प्रतिमा (म्हणजे अख्ख्या कार्डाची हुबेहूब प्रत) घ्या आणि हरवलेले फोटो शोधणारा फोटोरेक त्या प्रतिमेवर चालवा, कार्डावर नाही.

संग्रह डीएनजीत (अडोबीच्या रॉ फाइल प्रकारात) असेल तर अडोबीच्याच लाइटरूममधली डीएनजी पडताळणी वापरा. इतर रॉ फाइलींसाठी आयात करतानाच चेकसमची यादी बनवा, कार्ड त्यानंतरच पुसा.