फॅशन फोटोत व्हिज्युअल टेन्शन कसं आणायचं? सगळं नीट असूनही माझे फोटो सपाट का वाटतात?

तुम्ही लिहिलंय की लाइट बरोबर असतो, फोकस शार्प असतो, मॉडेल पण छान असते, तरी फोटो कॅटलॉगसारखा दिसतो आणि लोक पुढे स्क्रोल करतात. मी पुण्यात साड्या आणि एथनिक कपड्यांचे शूट करते, बारा वर्षं झाली, आणि पहिली तीन-चार वर्षं माझं पण अगदी हेच व्हायचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टेन्शन म्हटलं की आपल्या डोक्यात काळजी येते, पण इथे दोरीला असतो तो ताण धरा. दोन टोकं दोन दिशांना ओढतायत आणि दोरी अजून तुटलेली नाही. फोटोत तसं काहीतरी होता होता थांबलेलं दिसलं की बघणारा थांबतो. सपाट फोटोत बहुतेक वेळा सगळं पूर्ण झालेलं असतं, पोझ पूर्ण, स्माइल पूर्ण, साडी पूर्ण पसरलेली, मॉडेल बरोब्बर मधोमध, मग डोळ्याला काही काम उरतच नाही.

अमेरिकन फॅशन फोटोग्राफर रिचर्ड अव्हेडॉनचा, डोविमा ही मॉडेल आणि हत्तींचा फोटो बघितला नसेल तर आधी तो शोधा. 1955 चा ऑगस्ट, पॅरिसमधली सर्क दिव्हेर ही सर्कस, डिओर या फॅशन हाऊसचा काळा गाऊन आणि त्याला कमरेला लांब पांढरा सॅश, म्हणजे कापडी पट्टा. हत्ती आणलाय म्हणून तो फोटो भारी आहे असं लोक म्हणतात, मला नाही पटत, हत्ती तर कोणी पण आणेल. हत्तींची सुरकुतलेली खरबरीत कातडी आणि तिचा गुळगुळीत ड्रेस बघा, ते हलतायत, पाय उचललेले आहेत, पण पायात साखळ्या आहेत, आणि ती मधे मान मागे टाकून अशी उभी आहे की जणू काहीच धोका नाही. म्हणजे एकाच फ्रेममध्ये वजन आणि नाजूकपणा, हालचाल आणि बंधन, सगळं एकमेकांना ओढतंय. आणि एवढं होऊन अव्हेडॉनला स्वतःला त्या सॅशची खंत होती, त्याचं टोक हत्तीच्या पायाच्या रेषेशी जुळायला हवं होतं असं त्याचं म्हणणं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण ताण असा एखाद्या कापडाच्या टोकावर पण अडकलेला असतो.

दुसरा फोटो हॉर्स्ट या फॅशन फोटोग्राफरचा, 1939, पॅरिसच, नाव मेनबोशर कॉर्सेट (कॉर्सेट म्हणजे कंबर आवळून बांधायचं अंतर्वस्त्र). पाठमोरी बाई, चेहरा जवळजवळ दिसतच नाही, कॉर्सेट एका बाजूने सैल झालंय आणि त्याची बांधायची नाडी कठड्यावरून खाली लोंबतेय. सगळा जीव त्या सैल बाजूत आहे, ती काढतेय की घालतेय हे कळत नाही. व्होग या फॅशन मासिकाने छापताना ती सैल बाजू रिटच करून घट्ट केली होती, म्हणजे बघा, नेमकं जे ओढून धरत होतं तेच पुसलं.

आता आपल्याकडचं सांगते. एका पैठणीच्या शूटला क्लायंटला पदरावरचे मोर पूर्ण दिसायला हवे होते, म्हणून पदर हातावर पसरवून दीड तास काढला, मोर झकास आले पण बाई कुठेच नाही, नुसतं कापड. मग असिस्टंटला पदराचं टोक धरून फ्रेमच्या बाहेर उभं केलं आणि हलका ओढायला सांगितला, मॉडेलला सांगितलं तू उलट्या बाजूला चालायला लाग पण पाऊल टाकू नकोस. पदर तिरका ताणला गेला, खांदा मागे आला, मान पुढे, आणि पदर जातो कुठे ते दिसत नाही. (खांद्याला आतून दोन सेफ्टी पिना ब्लाऊजला लावा, एकाने निऱ्या सुटतात, आणि साडीची जरतार जुनी असेल तर हे करूच नका, ती तुटते.) क्लायंट आधी नाराज होता की अर्धा पदर कापला, त्याला मोरांचा पूर्ण फोटो वेगळा दिला, पण दिवाळीच्या पोस्टरवर शेवटी ताणलेला पदरच गेला.

पोझ देताना मॉडेलला कधी "उभी राहा" म्हणू नका, काहीतरी करायला सांगा आणि ते पूर्ण व्हायच्या आधी क्लिक करा, वळायला सांगून अर्ध्यात, बसायला सांगून टेकायच्या आधी. वजन एकाच पायावर हवं. नऊवारीत हे फार सुंदर येतं कारण काष्ट्यामुळे पाय मोकळे असतात, घाटाच्या दोन पायऱ्या सोडून पाऊल ठेवायला सांगितलं की मांडीपासून टाचेपर्यंत रेष ताणली जाते, जे गोल साडीत जमतच नाही.

हाताचं पण तसंच, हात गालाला टेकवला की गोष्ट संपली, बोटभर अंतर ठेवलं की डोळा तिथेच घुटमळतो. हे अंतर कॅमेऱ्यातून नीट तपासा, समोरून मोकळं दिसणारं तिरक्या अँगलने चिकटलेलं दिसतं. फ्रेमच्या कडेला पण हाच हिशोब, कोपर कडेला जेमतेम चिकटवू नका, एकतर ठामपणे कापा नाहीतर थोडी जागा सोडा. आणि नजर ज्या बाजूला आहे त्या बाजूला जागा सोडायची असं आपल्याला शिकवतात, ते एकदा उलटं करून बघा, नजर कडेला आणि सगळी रिकामी जागा पाठीमागे, लगेच वाटतं की मागून कोणीतरी येतंय.

कॅमेरा तिरका धरणं आणि मॉडेलला रागीट चेहरा करायला लावणं, ही दोन्ही मी भरपूर करून पाहिली. पहिल्याने क्षितिज वाकडं होतं, दुसऱ्याने मॉडेल चिडलेली दिसते, ताण काही येत नाही.

रंगाचा विचार सगळ्यात शेवटी करा. माझा सगळ्यात आवडता बॅकग्राउंड अजून पण शेणाने सारवलेली भिंतच आहे, चकचकीत जरतार आणि ती खरबरीत माती, अव्हेडॉनच्या हत्तींचं जे आहे तेच तिथे होतं. लाइट एकच ठेवा, बाजूने, कडक, म्हणजे भिंतीचा पोत उठतो. तुमच्या कुठल्या तरी शूटचे दोन फोटो इथे टाका, नक्की काय सैल पडलंय ते बघून सांगते.